खांड की उघाडी

अम्मीने अट घातली ती एकच, आणि तीच सगळ्यात अवघड होती.

"पैसे तुझे, मर्जी तुझी," ती म्हणाली. "पण घेतलंस तर मला पटेल असं एक कारण सांगायचं. एकच. दहा सांगायची नाय. तुला हल्ली दहा सुचतात."

हे खरं आहे. मला हल्ली सुचतात. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा इतकी हळू द्यायचे की बाई 'बतूल' दोनदा पुकारायच्या. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ऐन माझ्या भाषणात माईक बंद पडला. कोणीतरी वायर हलवत होतं, कोणीतरी थांब थांब म्हणून हात करत होतं, आणि मी थांबलेच नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पहिला नंबर आला. अम्मी तेव्हापासून येईल त्याला सांगते, "त्या दिवशी तिथला माईक बंद पडला नि आमचा चालू झाला, तो अजून बंद होत नाय."

बक्षिसाचे पैसे आणि तीन वर्षांची ईदी मिळून मला एक वस्तू घ्यायची होती. हातात धरून खेळायचा कन्सोल. मोबाईल नव्हे, टॅब नव्हे, नुसता खेळायचा. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. दिवाळीच्या सुट्टीत जाहिरात दिसली: पेणला एका घरी जुना विकायचा आहे, खाली 'प्रणिता' असं नाव आणि नंबर. मी जाहिरात अम्मीसमोर धरली. ती विळीवर नारळ खवत होती.

"यावर फोन लागतो?"

"नाही."

"फोटो?"

"नाही गो अम्मी. हा फक्त खेळायलाच असतो. म्हणून तर चांगला."

"खेळ तर मी दिलेल्या फोनवर पण खेळतेस. बॅटरी खाऊन ठेवतेस ती वेगळी. मग एकाच कामाचा डबा कशाला?"

"खवणी पण एकाच कामाची असते. तिला कोणी विचारतं का, तू नारळच का खवतेस म्हणून?"

अम्मीने हात थांबवला आणि विळीकडे बोट केलं. "म्हणून आपल्या घरात खवणी नाय. विळी हाय. कापते पण, खवते पण."

वक्तृत्वाचा पहिला नंबर, आणि विळीने हरवलं.

पण तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. मी दहावीत आहे. अब्बा कतारला असतात, ते फोनवर "अम्मी सांगेल ते" एवढं म्हणून सुटतात. घरात माझ्या अभ्यासाची राखण अम्मीच करते. तिने ते वाक्य एकदाच म्हटलं, नंतर पुन्हा काढलं नाही: "अभ्यासात खंड पडला ना बतूल, की तो पडतच जातो."

रविवारी मी मुराद मामाबरोबर पेणला निघाले. मामाला अम्मीने जोडून दिलं होतं, कारण अनोळखी घर. मामाला कन्सोलमध्ये काडीचा रस नव्हता. त्याला भाव करण्यात रस होता. रोह्याहून गाडी सुटल्यापासून नागोठण्यापर्यंत तो मला शिकवत होता की वस्तू हातात घेतल्यावर तोंड वाकडं करायचं. "खूश दिसलीस की मेलीस. काय?" मी खिडकीच्या काचेत तोंड वाकडं करून बघितलं. जमत नव्हतं.

घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. प्रणितावहिनींनी दार उघडलं. त्या बँकेत काम करतात, सुट्टी असूनही घाईत होत्या. "या, या. वस्तू बाबांची आहे, माझी नाही. मी नुसती जाहिरात टाकली. आणि आधीच सांगते, बॅटरी जुनी झालीय. दीड तासात उतरते. म्हणून किंमत कमी लावलीय."

मामाचा चेहरा असा उजळला की त्यालाच तोंड वाकडं करायला सांगावं लागलं असतं.

आणि मला धक्का बसला तो वेगळाच. मला वाटलं होतं 'बाबा' म्हणजे वहिनींच्या मुलाचे बाबा. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते ते सत्तरीचे आजोबा. पांढरी टोपी, अंगात बनियन, मांडीवर उशी आणि उशीवर तो कन्सोल. वहिनींचे सासरे, हिरामण आजोबा.

"तुम्ही खेळता?" मी विचारलं. आतल्या आत ठेवायचं ते बाहेर आलं.

"का? वयाची अट हाय का काय त्यावर?" ते म्हणाले. "पोरानं आणला स्वतःसाठी. त्याला टाईम नाय. मग मी धरला. धरमतरला बार्जवर सुकाणू धरलेला हात हाय हा. पण आता अंगठा धरत नाय." त्यांनी उजवा अंगठा वाकवून दाखवला. तो अर्ध्यातच थांबला. "पडून राहिलं की यंत्र गंजतं. म्हटलं, टाक जाहिरात."

त्यांनी कन्सोल माझ्या हातात दिला. मी तोंड वाकडं केलं नाही. मामाने कपाळाला हात लावला आणि वहिनींनी दिलेला चहा घेतला.

पडद्यावर एक गाव होतं.

ठोकळे रचून काय हवं ते उभारायचा खेळ असतो ना, तो. माझ्या वर्गातल्या मुली त्यात राजवाडे बांधतात, स्विमिंग पूल बांधतात. इथे आठ लहान घरं होती, एकाला टेकून एक. पुढे शेताचे चौकोन. शेतांच्या पलीकडे एक लांबच लांब मातीची भिंत, आणि भिंतीपलीकडे पाणी, पडद्याच्या टोकापर्यंत.

"हे कुठलं गाव?"

"आमचं. खाडीवरचं. आता तिथं घरं हायत, शेत नाय. बांध फुटला, खारं पाणी आत आलं ते राहिलंच. आता तिवराची झाडं उगवलीत माणसाच्या वर." ते अगदी सहज बोलत होते, जणू बस चुकली म्हणून सांगावं तसं. "इथं मी ते होतं तसं केलंय. तो बांध. बांध नसला तर भात नाय, काय नाय."

मी बटणं दाबत बांधावरून चालत गेले. काय मजा वाटली सांगू, अंगठ्याखाली सगळं जग हलत होतं. आणि मधेच बांधाला मोठं भगदाड. तिथून पाणी आत घुसलं होतं, कडेचे दोन चौकोन निळे झाले होते.

"आजोबा, हे फुटलंय."

"फुटलंय नाय. मी फोडलंय."

मामानेसुद्धा चहाचा कप खाली ठेवला.

"यात समुद्राला उधाण येत नाय ना," आजोबा म्हणाले. "बांध एकदा घातला की घातला. कायम. तसं कुठं असतं? माझ्या बाच्या वेळी अवस-पुनवेचं उधाण आलं नि खांड गेली, म्हणजे असं भगदाड पडलं, की ओरड व्हायची. घरटी एक माणूस. रात असो, ताप असो. घमेलं घेऊन यायचं, चिखल टाकायचा. म्हणून मी दर अवसेला नि पुनवेला खांड पाडतो. मग बुजवतो."

"एकटेच?"

"घरं आठ. म्हणून आठ फेरे मारतो. हा फेरा गणाचा, हा फेरा नामाचा, हा आमचा. प्रत्येकाच्या दारातून माती घेऊन निघायचं." मग हळूच म्हणाले, "गेल्या पुनवेची अजून बुजली नाय. अंगठा."

आता मला सांगा, असं ऐकल्यावर कोण नुसतं बसेल. मी म्हटलं, "मी बुजवते." आणि पहिल्या घराच्या दारात गेले.

आठ फेरे मारायला वेळ लागतो. चिखलाचे ठोकळे उचलायचे, शेताच्या कडेने जायचं, भाताच्या चौकोनावर पाय पडला की आजोबा "हां, भात तुडवू नको" म्हणायचे. चौथ्या फेऱ्याला मी दोनदा पाण्यात पडले. सहाव्याला मामा खुर्चीत मान टाकून घोरायला लागला. आठव्याला खांड बुजली, बांध सलग झाला. आणि मी इतकी रंगात आले होते की तशीच पुढे बांधावरून धावत गेले. टोकाला आणखी एक भोक दिसलं. लहान, चौकोनी, लाकडाच्या ठोकळ्यांची चौकट केलेलं. मी तेही बुजवून टाकलं. एकामागे एक दोन ठोकळे बसवले, पक्कं.

"झालं. आता थेंब येणार नाही," मी म्हटलं.

आजोबा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसत होते.

"अगो पोरी. ती खांड नाय. उघाडी हाय."

"म्हणजे?"

"शेतातलं पाणी बाहेर जायची वाट. पावसाचं पाणी बांधाच्या आत साठेल ते जाणार कुठं? तू बाहेरचं अडवलंस ते बरं केलंस, पण आतलं पण अडवलंस. आता भात उभ्या उभ्या कुजणार."

खरंच, चौकोन एकेक करून भरायला लागले होते. त्यांनी वरच्या डोंगरातून एक ओढा सोडून ठेवला होता, तो मला दिसलाच नव्हता. मी रोह्याजवळच्या अष्टमी गावची. आमच्या कुंडलिकेला भरती चढते ते पुलावरून रोज बघते, पण बांधाला मुद्दाम भोक ठेवतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"पण मग त्या भोकातून भरतीचं पाणी आत येत नाही?"

"खऱ्या उघाडीला फळी असते. वरून टांगलेली. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलतं, ती उघडते. भरतीला बाहेरचं ढकलतं, ती मिटते. आपोआप. कोणी जागत बसावं लागत नाय." त्यांनी तळहात उभा धरून पुढेमागे हलवून दाखवला. "खांड म्हणजे पाणी येईल तेव्हा, येईल तेवढं. उघाडी म्हणजे वेळेला उघडी, वेळेला बंद. दोन्ही भोकंच. लांबून सारखीच दिसतात."

मी ते दोन ठोकळे काढायला वळले. पहिला काढला. दुसऱ्यावर अंगठा ठेवला आणि पडदा काळा झाला.

बॅटरी.

"सांगितलं होतं मी," वहिनी आतून म्हणाल्या. "दीड तास."

दीड तास. मी घड्याळ बघितलं. मामा दचकून उठला आणि त्यानेही बघितलं. आमची रोह्याची गाडी जाऊन दहा मिनिटं झाली होती.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. गाडी चुकली म्हणून नाही, मागून दुसरी गाडी होती. घाबरले कारण दीड तास गेला तो मला कळलाच नव्हता. अम्मी म्हणते ते हेच. उद्या भूमितीचं पुस्तक समोर असेल आणि मी आठ फेरे मारत बसेन. मग कुठलं कारण सांगू तिला?

मामाचा फोन उतरला होता, म्हणून अम्मीला कळवायला मी माझा काढला, तिचाच जुना, जो अभ्यासाच्या ग्रुपसाठी म्हणून मला दिलाय. त्यावर त्रेसष्ट मेसेज. अभ्यासाचे चार. बाकी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग, कोणाच्या तरी मांजराचा व्हिडिओ, आणि फोनवर मी खेळते त्या रंगीत गोट्यांच्या खेळाची सूचना: आज आली नाहीस, तुझी सलग दिवसांची माळ तुटेल.

मी ती सूचना दोनदा वाचली. दीड तासात मी फोनला हातही लावला नव्हता. आणि घरी, पुस्तक उघडं ठेवून, मी दर पाच मिनिटांनी लावते. अम्मीला ते दिसत नाही, कारण फोन पुस्तकाएवढाच गप्प असतो.

"आजोबा," मी विचारलं, "तुम्हाला बंद करता येतो हा? मनात आलं की?"

"माझे डोळे दुखतात. ती माझी फळी," ते म्हणाले. "तुझी कुठली ते तू बघ."

मी हातातल्या काळ्या पडद्याकडे बघितलं. आणि मला इतक्या जोरात सुचलं की मी उभीच राहिले.

"वहिनी, नवीन बॅटरी बसवून नका देऊ."

"मी देणारच नव्हते," वहिनी म्हणाल्या.

मामाने मग भाव केला, पण जीव नव्हता त्यात. मी सगळं चेहऱ्यावर सांगून टाकलं होतं. वहिनींनी कन्सोल चार्जरला लावला आणि सेटिंगमध्ये जाऊन विचारलं, "बाबा, तुमचं पुसून देऊ ना? कोरा करून?"

"पूस," आजोबा म्हणाले. फार पटकन म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघायला लागले, जिथे समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "मी माझं वेगळं नाव घालीन. हे राहू दे. तिथे उघाडी बुजलेली आहे अजून. ती मी बुजवलीय, मलाच काढायला पाहिजे."

आजोबांनी खिडकीकडून मान वळवली. एवढंच म्हणाले, "डाव्या बाजूचं खालचं बटण अडकतं. तिरकं दाबायचं." आणि आम्ही जिन्यात असताना वरून आवाज आला, "पुनव बुधवारी हाय गो."

पेण स्टेशनवर तासभर थांबायचं होतं. मामाने वडापाव आणला. मी बाकावर बसून फोन उघडला आणि त्या गोट्यांच्या खेळावर बोट दाबून धरलं. दोनशे चौदावी पायरी. वर्गातली शीतल माझ्या मागे एकशे नव्वदवर होती आणि रोज मला डिवचायची. फोन विचारतो ना, खरंच काढू का म्हणून. तो विचारत राहिला आणि मी वडापाव संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग दिलं. मग मांजरांचा ग्रुप सोडला. अभ्यासाचा ठेवला.

"काय चाललंय?" मामाने विचारलं.

"खांड बुजवतेय."

"तीन तास पेणला राहिली तर भाषा पण तिकडची झाली हिची," मामा म्हणाला आणि उरलेली मिरची मला दिली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अम्मीने आधी मामाला पाणी दिलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"घेतलंस."

"घेतला."

"कारण?"

गाडीत मी भाषण तयार केलं होतं. सुरुवात, मधला भाग, शेवट. ते सगळं विसरले. मी अम्मीला बांध सांगितला, आठ घरं सांगितली, माझी चूक सांगितली. गाडी का चुकली तेही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. मग फोन तिच्या हातात दिला. तिने बोटाने पडदा सरकवून बघितला. रंगीत गोट्या नव्हत्या.

"हा फोन म्हणजे खांड आहे अम्मी. दिवसभर येत राहतं. तो डबा दीड तासाने स्वतः मिटतो. आणि चार्जर तुझ्याकडे राहील. तू रविवारी दिलास तर उघडेल, नाही दिलास तर नाही."

"हे एक कारण नाय झालं. चार झाली."

"उघाडी एकच आहे."

अम्मी बराच वेळ चार्जरची वायर हाताला गुंडाळत राहिली. मग तो पिठाच्या डब्यामागे ठेवला, जिथे ती तिच्या बांगड्या ठेवते.

"अर्धं पटलं," ती म्हणाली. "अर्धं सहामाहीचे मार्क आले की बघू." आणि जाता जाता, "आता किती उरलीय त्याच्यात?"

वहिनींनी चार्ज केलेली थोडीशी होती. मी चालू केला. आजोबांचं गाव उघडलं. घरांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं, भाताची नुसती टोकं दिसत होती. मी बांधावरून टोकापर्यंत गेले. भात तुडवला नाही.

अम्मी मागे येऊन उभी राहिली होती. पीठ लागलेला हात पाठीमागे धरून, पडद्यावर वाकून.

"अगो, हे काय करतेस? एवढा मेहनतीचा बांध, फोडतेस कशाला?"

"फोडत नाही," मी म्हटलं, आणि डाव्या बाजूचं बटण तिरकं दाबून तो दुसरा ठोकळा काढला.

पाणी हललं. आधी कडेचा चौकोन, मग त्याच्या शेजारचा. आम्ही दोघी बघत राहिलो. शेवटच्या शेतातलं पाणी उतरायच्या आत पडदा काळा झाला, आणि त्यात आमचे दोघींचे चेहरे दिसले.

"उरलेलं?" अम्मीने विचारलं.

"जाईल आपोआप. वाट उघडी आहे," मी म्हटलं, आणि भूमितीचं पुस्तक काढलं.